चित्रकार नवरा-बायकोने मिळून सांभाळलेला चिनी चित्रांचा संग्रह

प्रश्न असा आहे: चित्रकार पती-पत्नीचा चिनी चित्रांचा असा खासगी संग्रह कुठला, आणि तो आज बघायला मिळतो का?

मी शांघायच्या वू हूफान आणि पान जिंगशू यांचं नाव घेईन. वू (१८९४-१९६८) निसर्गचित्रांत आणि जुन्या चित्रांच्या पारखीत त्या काळातलं फार मोठं नाव. पान फुलांची चित्रं काढायच्या, कविताही करायच्या. दोघंही सूचौच्या खानदानी घरांतली. वू यांचे आजोबा वू दाचंग मोठे अधिकारी आणि प्राचीन कांस्यवस्तूंचे जाणकार, तर पान यांच्या माहेरचे पान झूयिन हे नामांकित संग्राहक. १९१५ साली लग्न झालं तेव्हा दोन घराण्यांचे संग्रहच एकत्र आले म्हणा ना. थांग काळातले (सातवं शतक) सुलेखनकार ओउयांग श्युन यांच्या शिलालेखांचे तीन जुने ठसे, म्हणजे दगडावरची अक्षरं शाईने कागदावर उतरवलेले नमुने, पान यांच्याबरोबर सासरी आले. एक वू यांच्या घरी होताच. चार झाले म्हणून दालनाला ‘चार ओउ’ असं नाव पडलं आणि मुलांच्या नावांतही ‘ओउ’ आलं. हौस असावी तर अशी!

मला सगळ्यात आवडते ती १९२१ सालची भेट. पान यांच्या तिसाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्यांना सोंग काळातलं, १२६१ साली छापलेलं एक पुस्तक दिलं. त्यात कळीपासून फळापर्यंत प्लमच्या फुलाची शंभर चित्रं आहेत, प्रत्येकाशेजारी एक कविता. चिनी पंचांगातही आपल्या संवत्सरांसारखं साठ वर्षांचं चक्र असतं. १२६१ आणि १९२१ या दोन्ही वर्षांचं नाव एकच, मधे बरोबर अकरा चक्रं. पुढे दोघांनी चित्रशाळेचं नावही या प्लमवरूनच ठेवलं, ‘मेईजिंग शूवू’ (मेई म्हणजे प्लम).

पण संग्रहाचा मुकुटमणी वेगळा. ह्वांग गोंगवांग यांनी १३५० च्या सुमारास फूचुन डोंगरांचं एक लांबलचक गुंडाळीचित्र काढलं. १६५० साली त्याच्या मालकाने मरताना ते आगीत टाकायला लावलं. पुतण्याने ओढून काढलं, पण तोवर दोन तुकडे झाले होते. मोठा तुकडा पुढे बादशाही खजिन्यात गेला (गंमत म्हणजे छ्येनलोंग बादशहाने त्याला नकली ठरवून खरोखरच्या नकलेवर कौतुकाचे शेरे मारले). धाकटा, जेमतेम ५१ सेंटिमीटरचा, १९३८ साली वू यांच्यासमोर आला. घरातलं एक प्राचीन कांस्यपात्र देऊन त्यांनी तो घेतला, असं सांगतात. जळल्याच्या खुणा तर होत्याच, शिवाय कडेला जुन्या मालकाच्या शिक्क्याचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा मोठ्या तुकड्यावर आहे! मग वू यांनी आपल्या घराला ‘फूचुन चित्राचा एक कोपरा असलेलं घर’ असं बिरुदच लावून घेतलं.

पान १९३९ मध्ये वारल्या. संग्रहातल्या कितीतरी चित्रांवर दोघांची नावं एकाच लाल शिक्क्यात दिसतात: ‘वू हूफान-पान जिंगशू यांचा संग्रह’. बायकोचं नाव असं बरोबरीने चित्रावर उमटवणारे संग्राहक थोडेच. मला तो शिक्का चित्राइतकाच बघावासा वाटतो.

आता बघायला काय मिळतं? एका जागी काहीच नाही. फूचुनचा तुकडा १९५६ साली झेजियांगच्या प्रांतिक संग्रहालयाकडे, म्हणजे हांगझोऊला गेला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ पासून) वू यांच्या घरावर धाडी पडल्या आणि १९६८ मध्ये ते गेले. प्लमचं पुस्तक शांघाय संग्रहालयात आहे. फूचुनचा मोठा तुकडा तैवानमध्ये, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि २०११ साली दोन्ही तुकडे तिथे शेजारी-शेजारी मांडले होते. एरवी कागद इतका नाजूक की हांगझोऊचा तुकडाही क्वचितच बाहेर काढतात, त्यामुळे जायचं असेल तर आधी चौकशी करूनच जा. तोवर दोन्हींची छायाचित्रं जोडून बघा, सांध्यावरचा शिक्का सापडतो.