गॅमा ३.३ म्हणजे ‘सेफ साइड’ नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: प्लॅटफॉर्म तरंगता, सिग्निफिकंट वेव्ह हाइट (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची) ६ मीटर, पीक पीरियड (ज्या पीरियडला लाटांची ऊर्जा सर्वांत जास्त) ११ सेकंद, जॉन्सवॅप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला लाटांची किती ऊर्जा हे सांगणाऱ्या वक्रात, गॅमा (शिखर किती टोकदार ते ठरवणारा आकडा) ३.३ ठेवला तर चालेल का? जॉन्सवॅप जरूर ठेवा, ३.३ मात्र बदला.

हा आकडा आला तो उत्तर समुद्रातून. जर्मनीच्या सिल्ट बेटापासून पश्चिमेकडे १६० किलोमीटरच्या रेषेवर, वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असताना वाढत जाणाऱ्या लाटा मोजल्या. हासेलमान आणि सहकाऱ्यांनी ते काम १९७३ मध्ये मांडलं. ३.३ ही त्या नोंदींची सरासरी. एकेका नोंदीतला गॅमा बराच वर-खाली होता. १९६४ चा पिअर्सन-मॉस्कोविट्झ स्पेक्ट्रम पूर्ण वाढलेल्या समुद्रासाठी आहे, म्हणजे गॅमा १.

आता तुमचा समुद्र. ११ भागिले ६ चं वर्गमूळ, ४.४९. डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेच्या सी२०५ या मार्गदर्शिकेतल्या सूत्रात हे घातलं की गॅमा येतो जेमतेम १.८.

‘३.३ ने शिखर उंच होतं, म्हणजे डिझाइन सुरक्षित’ हे मी अनेकदा ऐकतो, आणि ते अर्धंच खरं आहे. वेव्ह हाइट तीच ठेवायची तर स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळही तेच राहतं. १.८ च्या तुलनेत ३.३ ने शिखरावर ऊर्जा साधारण ४५ टक्के वाढते, ती बाकीकडून काढूनच. ७ सेकंदांच्या आसपास ती सुमारे २१ टक्के घटते. तुमच्या रचनेचा एखादा नैसर्गिक पीरियड तिथे असेल, तर ३.३ घेऊन तुम्ही तिचा प्रतिसाद कमी दाखवताय. फटीगसाठी, म्हणजे वारंवारच्या ताणाने रचना थकण्याच्या हिशेबात, हे फार महाग पडतं.

स्पेक्ट्रमवरून टाइम सिरीज, म्हणजे लाटांची क्षणाक्षणाची उंची, बनवताना आणखी एक सांभाळा. सुरुवातीच्या दिवसांत मी ०.०१ रेडियन प्रतिसेकंद अशा समान अंतरावर घटक (एकेका फ्रिक्वेन्सीच्या साध्या लाटा) घेऊन तीन तासांचं वादळ चालवलं. मूरिंगच्या (प्लॅटफॉर्म जागी धरून ठेवणाऱ्या दोरखंडांच्या) ताणाचा आलेख छापून भिंतीला लावला, तेव्हा तोच उंच सुळका दर ६२८ सेकंदांनी दिसला. २ पाय भागिले ०.०१. तीन तास म्हणून मी साडेदहा मिनिटंच पुन्हा पुन्हा चालवत होतो! कमाल ताणाचा अंदाज त्यावरून काढणं निरर्थक होतं. तीन तासांना अंतर ०.०००५८ च्या खाली हवं, किंवा फ्रिक्वेन्सी असमान अंतरावर घ्या.

बॉयच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाच्या) नोंदीत दोन उंचवटे दिसत असतील, म्हणजे स्थानिक वाऱ्याच्या लाटांखाली दुरून आलेला स्वेल असेल, तर एका शिखराचा स्पेक्ट्रम ओढूनताणून बसवू नका. ओची-हबल किंवा टॉर्सेटहॉगेन हे दोन शिखरांचे स्पेक्ट्रम घ्या.

गॅमा बदलल्यावर शून्यावा मोमेंट, म्हणजे स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळ, २.२५ चौरस मीटर येतोय ना, ते तपासा; नाही आला तर नॉर्मलायझेशन राहिलंय. आणि हीव्ह (वर-खाली), रोल (बाजूला झुकणं), पिच (पुढे-मागे झुकणं) या हालचालींचे नैसर्गिक पीरियड इथे टाका. ते कळल्याशिवाय १.८ च्या आजूबाजूला कुठले गॅमा चालवून बघायचे, ते ठरवता येणार नाही.