आधी संध्याकाळची गाडी बघ

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, आणि पाठोपाठ तुझा प्रश्न आला: खोली लासूरला घेऊ, करमाडला, बदनापूरला की जालन्याला? संभाजीनगरातली भाडी पहिल्या पगारात झेपायची नाहीत, हे मलाही पटतं. बँकेत असताना मी जालन्याहून बरीच वर्षं अप-डाऊन केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझं ऑफिस रेल्वे स्टेशन एमआयडीसीत आहे, हे नशीब समज. वाळूजला असतं तर तिकडं रूळच नाही, रेल्वेचा विचार सोड म्हटलं असतं. शेंद्र्याला असतं तरी जालना रोडवरची एसटी बरी पडली असती. तुला मात्र गाडीतून उतरलं की शेअर रिक्षा पुरते.

आता गावांचं. नकाशावर करमाड जवळ दिसतं आणि भाडंही कमी सांगतील. पण बहुतेक एक्स्प्रेस तिथून न थांबता निघून जातात. बदनापूरचंही थोड्याफार फरकानं तेच. लासूर जालन्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर, पण ते मनमाडच्या अंगाला, आणि तुझं घर सेलूला. दर शनिवारी आईकडं जाणार असशील तर आधी पूर्ण संभाजीनगर ओलांडावं लागेल. जालना ६३ किलोमीटर दूर असलं तरी या मार्गावरच्या जवळपास सगळ्या गाड्या तिथं थांबतात, आणि तिथून सेलूही त्याच रुळावर पुढं आहे. माझं मत जालन्याच्या बाजूनं आहे. पण ऐकून लगेच डिपॉझिट देऊ नकोस.

नवी मुलं सकाळची गाडी बघून गाव ठरवतात. सकाळी माणूस तरतरीत असतो, गाडी चुकली तर काहीतरी करून पोचतो. खरी परीक्षा संध्याकाळी असते. ऑफिस सुटल्यावर पहिली गाडी कोणती, ती हुकली तर दुसरी किती वेळानं, आणि ती येते कुठून? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. जी गाडी लांबून येते ती वाटेतला सगळा उशीर सोबत घेऊन येते. ऐन लग्नसराईत जनरल डब्यात पाय ठेवायला जागा मिळायची नाही, तेही धरून चाल. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये रोज संध्याकाळी ती गाडी प्रत्यक्षात किती वाजता आली ते बघत जा, निदान पंधरा दिवस. एकट्या छापील वेळापत्रकावर भिस्त ठेवू नकोस.

उशिराचं मूळ कारण तुला ठाऊक असलं म्हणजे चिडचिड कमी होईल. संभाजीनगर ते परभणी अजून एकेरी मार्ग आहे. समोरून गाडी आली की दोघींपैकी एकीनं स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं. थांबते ती बहुतेक पॅसेंजर. बदनापूरला ‘क्रॉसिंग आहे’ म्हणत सगळा डबा खाली उतरतो, कुणी शेंगा घेतं, कुणी पत्त्यांचा डाव मांडतं. ऐकायला मजेशीर, पण घरी पोचायला रात्र झाली की मजा जाते. विजेच्या तारा आल्या, वंदे भारत आली, ती २०२५ मध्ये नांदेडपर्यंतही गेली, पण रूळ तेवढाच. या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रानं २०२५ मध्येच मंजुरी दिली. काम व्हायला वर्षं लागतील. त्याच्या भरवशावर करमाडकडं प्लॉट विकायला लोक येतील, ‘स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर’ म्हणतील. त्यांना चहा पाजून वाटेला लाव. जमीन एनए म्हणजे रीतसर बिगरशेती आहे की गुंठेवारीत तुकडे पाडून विकलेली, हे बघायचं वय तुझं अजून झालेलं नाही.

वंदे भारतच्या वेळेवरही भुलू नकोस. तिच्यात पास चालत नाही. तपोवन एक्स्प्रेसमध्ये जनरल डबा आहे, पण ती दोन्हीकडून दुपारच्या सुमारास येते, तुला उपयोग नाही. पास काढताना आधी एकाच महिन्याचा काढ. तीन महिन्यांचा पास २.७ महिन्यांच्या पैशात मिळतो, पण गाव ठरेपर्यंत ती बचत नको. आणि पासावर आरक्षित डब्यात चढू नकोस. रोजचे लोक ‘काही होत नाही’ म्हणतील, दंड मात्र तुझ्याच नावावर फाटेल.

जालन्याचं नाव घ्यायचं माझं मोठं कारण वेगळंच आहे. तिथून संभाजीनगरपर्यंत रूळ आणि रस्ता जवळजवळ बरोबरीनं जातात. गाडी रखडली की सिडको बसस्थानक गाठायचं आणि जालन्याची एसटी धरायची. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं महिन्यातून चार-सहा वेळा असं झालं तरी खिशाला चटका बसत नाही. काळी-पिवळी जीपमध्ये मात्र अंधार पडल्यावर एकटीनं बसू नकोस. याबाबतीत मी जुन्या वळणाची आहे.

खोली स्टेशनच्या बाजूला बघ. नवीन जालन्याच्या पलीकडं कुठं स्वस्त मिळाली तर रोजच्या रिक्षात ते पैसे जातात, आणि रात्री रिक्षावाला मागेल तो भाव. घरमालकाला पाण्याचं विचारू नकोस, शेजारणीला विचार: नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण भरतं? मराठवाड्यात भाड्याच्या आकड्याआधी हे विचारायचं असतं.

शिफ्ट फिरती लावली, रात्रपाळी आली, तर हे सगळं बाजूला ठेव आणि संभाजीनगरातच मुकुंदवाडी किंवा गारखेड्यात दोघी-तिघींनी मिळून खोली घे. अप-डाऊन हे ठरावीक वेळेच्या नोकरीचं काम आहे. रुजू होताना हे एचआरकडून लेखी घे, तोंडी आश्वासन धरू नकोस.

पहिले पंधरा दिवस माझ्याकडं राहा. जालन्याहून रोज जाऊन ये, सोमवारची आणि शनिवारची गर्दी दोन्ही बघ. त्यानंतर घर ठरव. अकरा महिन्यांचा करार कर, पण एक महिन्याच्या नोटिशीनं सोडता येईल असं कलम त्यात घालून घे. मालक कुरकुर करेल. मला फोन लावून दे, मी बोलते.

तुझी,
काकू