सत्तावन्न टक्के म्हणजे नक्की किती?

टेबलावरच्या लढाया : वाचकांचे प्रश्न

मी मिनिएचर गेमच्या, म्हणजे छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांच्या फौजा टेबलावर लढवायच्या खेळांच्या, टूर्नामेंट खेळते, अधूनमधून पंच म्हणून उभी राहते, आणि एका मित्राबरोबर याच विषयावर पॉडकास्टही करते. गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की बॅलन्सवर (फौजा एकमेकींच्या तोडीच्या आहेत का, यावर) माइकसमोर बोलणाऱ्यांनी आधी थोडं मोजायला शिकावं. ते बऱ्याच जणांना झोंबलेलं दिसतं. पत्रांचा गठ्ठा या वेळी जाड आहे आणि निम्मा गठ्ठा पॉडकास्टवाल्यांचा आहे.

ताई, तुमचं ते वाक्य आम्हाला लागलं. एका एपिसोडमध्ये आम्ही एका फॅक्शनला (खेळातल्या एका गटाच्या फौजेला) ‘ब्रोकन’, म्हणजे नियमांपायी अतिबलवान, म्हटलं, पण हवेत बोललो नव्हतो. महिन्याभरातले टूर्नामेंटचे ६० सामने गोळा केले, त्यांत त्या फॅक्शनचे ३४ विजय. म्हणजे जवळपास ५७ टक्के. वॉरहॅमर काढणारी गेम्स वर्कशॉप कंपनी स्वतः ४५ ते ५५ टक्के हा पट्टा ठीक मानते. मग आक्षेप कशाला?

सामने गोळा केलेत, हे उत्तमच. बहुतेक जण तेवढंही करत नाहीत. आता एक करून बघा. नाणं ६० वेळा उडवा आणि छापे मोजा. नाण्यात काही खोट नसली तरी ३४ छापे सहज पडतात. ६० सामन्यांच्या विन रेटला (जिंकण्याच्या टक्केवारीला) दोन्ही बाजूंना साधारण १२-१३ टक्क्यांची ढिलाई असते. म्हणजे तुमच्या ५७ चा खरा अर्थ ‘४४ ते ६९ मध्ये कुठेतरी’ एवढाच. ४४ वाली फॅक्शन दुबळी म्हणायची, ६९ वाली खेळाचं वाटोळं करणारी. एकाच आकड्यात दोन्ही शक्यता बसतात. ६०० सामने मिळाले तर ढिलाई ४ टक्क्यांवर येते आणि मग काही बोलता येतं.

सामन्यांची संख्या वाढवली तरी दोन-तीन भानगडी उरतात. पहिली, एकाच फॅक्शनच्या दोघांची आपसातली लढत. तिथे एक जिंकतो, एक हरतो, हिशेब कायम ५० टक्के. समजा एखादी फॅक्शन इतरांविरुद्ध ६० टक्के जिंकते आणि स्पर्धेतले ३० टक्के खेळाडू तीच घेऊन आलेत. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या तर आपसातले सामने धरून तिचा विन रेट ५७ दिसेल. जितकी लोकप्रिय, तितकी ती आकड्यांत साळसूद दिसते. म्हणून आपसातले सामने आधी बाजूला काढायचे.

दुसरी भानगड स्विस पद्धतीची. जिंकलेल्याची गाठ पुढच्या फेरीत जिंकलेल्याशीच पडते. बलवान फॅक्शनवाले दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून एकमेकांचेच गळे धरतात, आणि आकडा पुन्हा ५० कडे ओढला जातो. यासाठी मी विन रेटच्या शेजारी आणखी एक गोष्ट बघते. ३२ जणांच्या पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत, बरोबरी झाली नाही तर, अपराजित एकच उरतो. अशा अपराजितांमध्ये त्या फॅक्शनचा वाटा किती, आणि एकूण खेळाडूंमध्ये किती? खेळाडूंत १० टक्के आणि अपराजितांत ३० टक्के असं बऱ्याच स्पर्धांत दिसायला लागलं, तर विन रेट ५४ असला तरी माझे कान टवकारतात.

तिसरी, ती फॅक्शन खेळतं कोण? नव्या स्टार्टर बॉक्समध्ये आलेली फौज नवशिक्यांच्या हाती असते, आकडा खाली येतो. अडगळीत पडलेली, वर्षानुवर्षं तीच घासत बसलेल्या चार-पाच हट्टी माणसांची फौज असेल, तर आकडा वर जातो. त्यात नियमांचं कर्तृत्व किती आणि माणसांचं किती, हे नुसत्या टक्केवारीतून कळायला मार्ग नाही.

कधीकधी एवढ्या काथ्याकुटाची गरज पडत नाही, हेही खरं. जून २०२३ मध्ये वॉरहॅमर ४०,००० ची दहावी आवृत्ती आली तेव्हा एल्डारी या फॅक्शनने जो धुमाकूळ घातला, तो बघायला गणित लागत नव्हतं. वरच्या (आघाडीवरच्या खेळाडूंच्या) टेबलांवर जाल तिथे तेच. त्या वर्षी त्यांचे पॉइंट्सही (फौजेत घ्यायची किंमत) वाढले आणि नियमांनाही कात्री लागली. पण असा उघडा-वाघडा मामला क्वचित असतो. एरवी तुमच्या वाक्यात ‘६० सामन्यांत ३४ विजय’ हे शब्द येऊ द्या आणि ‘ब्रोकन’ गाळा. ऐकणारे स्वतः ठरवतील.

आमचा एपिसोड दीड-दोन तासांचा असतो. आर्मी लिस्ट (फौजेत काय-काय आहे त्याची यादी) वाचायला सुरुवात केली की ऐकणारे गळतात, असं आलेखात स्पष्ट दिसतं. लिस्ट न वाचता सामन्याची चर्चा कशी करायची?

लिस्ट वाचूच नका. दोन हजार पॉइंट्सची फौज कानांनी ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे उभी राहत नाही. पंधरा युनिट, त्यांची हत्यारं, त्यांच्या एन्हान्समेंट्स (पॉइंट्स मोजून घेतलेली जादा ताकद), आणि शेवटी एकूण पॉइंट्स. हे वाचणाऱ्यालासुद्धा कंटाळा येतो, फक्त तो कबूल करत नाही. लिस्ट एपिसोडच्या वर्णनात लिहून टाका. तोंडाने तीन गोष्टी सांगा: ही फौज जिंकते कशी, ते काम कोणती दोन युनिट करतात, आणि समोर काय आलं की हिची तंतरते. ‘ही फौज मधलं ऑब्जेक्टिव्ह (गुण देणारी जागा) दुसऱ्या टर्नला गिळते आणि मग हलत नाही, लांबून, लक्ष्य दिसत नसतानाही मारा करणारं कोणी भेटलं तर मात्र संपली.’ एवढ्यावर ऐकणारा तुमच्याबरोबर टेबलापाशी येऊन उभा राहतो.

टेबलाचंही तसंच. ४४ बाय ६० इंचांच्या मैदानात कोण कुठे आहे हे सगळं सांगायला गेलात तर तुम्हीच हरवाल. ज्या क्षणी निर्णय घ्यावा लागला तो क्षण पकडा. समजा राखीवातून उतरलेल्या युनिटला ९ इंचांचा चार्ज (समोरच्यावर धावून जाणं) हवा होता. दोन फाशांवर ९ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे २८ टक्के. हाताशी एक रीरोल (फासे पुन्हा टाकायची संधी) असला तर ती ४८ होते. आता बोला: त्या खेळाडूने तो रीरोल आधीच्या फेजमध्ये एका फालतू सेव्हवर (मार वाचवायच्या फाशावर) का उधळला? इथे एपिसोड सुरू होतो. ‘मग त्याने चार्ज केला आणि तो लागला नाही’ यात ऐकण्यासारखं काय आहे?

लांबीची काळजी करू नका. माझ्या ओळखीचे बरेच जण मिनिएचर रंगवता रंगवता पॉडकास्ट ऐकतात, आणि ब्रश हातात असलेल्या माणसाला दोन तास चालतात. लिस्टवाचन चालत नाही.

माझा सहनिवेदक प्रत्येक पराभवाचं खापर फाशांवर फोडतो. आता ऐकणारेही त्याची टिंगल करायला लागलेत.

नाचता येईना, अंगण वाकडं. पण अंगण कधीमधी खरंच वाकडं असतं, म्हणून त्याला टोमणा मारण्याऐवजी हिशेब करायला लावा. बारा गोळ्या, ३+ वर (म्हणजे फाशावर तीन किंवा जास्त पडले तर) हिट, ४+ वर वूंड म्हणजे जखम, समोरच्याचा ५+ सेव्ह. सरासरी काढली तर बारातल्या आठ लागतात, चार जखमा होतात, आणि अडीचच्या वर, पावणेतीनच्या आत नुकसान आरपार जातं. तुमचा सहनिवेदक ‘पावणेतीन’ हा आकडा मनात धरून बसतो आणि तीन मिनिएचर उचलले जातील असं गृहीत धरतो. प्रत्यक्षात या माऱ्यातून काहीच न होण्याची शक्यता वीसात एक असते. आरपार शून्य किंवा एकच, हे तर पाचात एकदा व्हायचंच. सामन्यात असे मारे कित्येकदा होतात, त्यातला एखादा वाया जाणार हे ठरलेलंच.

तेव्हा पुढच्या वेळी तो रडायला लागला की एवढंच विचारा: ‘हा मारा फुकट गेला तर काय, याची तजवीज तू केली होतीस का?’ केली असेल तर त्याला मनसोक्त रडू द्या, त्याचा हक्कच आहे. शिवाय पाच किंवा जास्त नुकसान झालेले प्रसंग त्याला आठवतात का, तेही विचारा. शक्यता दहात एक आहे, म्हणजे तेही घडलेले असणार.

तुम्ही आणि तुमचे सहनिवेदक ‘पॉइंट्स वाढवणं म्हणजे अर्धं औषध’ असं सारखं म्हणता. पॉइंट्स बदलणं हा तर बॅलन्सचा सर्वांत स्वच्छ मार्ग नाही का?

स्वच्छ आहे, सोपा आहे, नियमांचं पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही. २०२१ च्या अखेरीपासून गेम्स वर्कशॉप बॅलन्स डेटास्लेट (नियमांतल्या दुरुस्त्यांचं पत्रक) काढते, त्याच्या जोडीने पॉइंट्सही ठरावीक काळाने हलतात, आणि आधीच्या तुलनेत हे सुख आहे. आधी नवं पुस्तक येईपर्यंत लोक दात-ओठ खात बसायचे.

तक्रार वेगळी आहे. १०० पॉइंट्सचं युनिट ११० झालं. ज्याच्याकडे तशी तीन आहेत त्याला ३० पॉइंट्स शोधावे लागतात. तो एखादी एन्हान्समेंट काढतो आणि पुन्हा तीच तीन युनिट मांडतो. त्या युनिटचा त्रास जर त्याच्या नियमात असेल, म्हणजे समजा ते समोरच्याच्या टर्नमध्ये उठून मारा करतं, तर ११० ला तो त्रास १०० इतकाच होतो. किंमत खूप वाढवली तर ते युनिट टेबलावरून गायबच होतं. म्हणजे एक तर सगळीकडे, नाही तर कुठेच नाही.

उलटी दिशा जास्त वाईट. दुबळ्या फॅक्शनचे पॉइंट्स उतरवत गेलं की आकडा सुधारतो, पण खेळाडूला त्याच दोन हजारांत आणखी वीस मिनिएचर आणावे, रंगवावे आणि दर टर्नला हलवावे लागतात. फौज चांगली झाली नाही, नुसती गर्दी झाली. आणि त्या गर्दीचा भुर्दंड वेळेत भरावा लागतो. त्यावरूनच पुढचं पत्र.

मी मोठी, पायदळाची फौज खेळतो. चेस क्लॉक (दोघांचा वेळ वेगळा मोजणारं घड्याळ) आमच्यासारख्यांवर अन्याय नाही का?

क्लॉक नसेल तर अन्याय समोरच्यावर होतो. तीन तासांच्या फेरीत तुम्ही दोन तास घेतले तर त्याच्या वाट्याला एकच उरतो, आणि पाच टर्नच्या जागी तिसऱ्यालाच डाव आटोपतो. पायदळवाल्याला तिसऱ्या टर्नला संपलेला डाव बहुतेक वेळा सोयीचाच पडतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वेळेचं हे दुखणं छंदाइतकंच जुनं: एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम लिहिले, त्यातही प्रत्येक चालीला वेळेची मर्यादा होती.

मूव्हमेंट ट्रे वापरा. फासे पाच-पाचच्या ढिगाने मोजून ठेवा. आणि समोरचा सेव्ह टाकत असताना क्लॉक त्याच्याकडे फिरवायला विसरू नका. पंच म्हणून मी बघते, तुमची निम्मी मिनिटं तिथेच गळतात.

ताई, मी दहावीत आहे. माझी फॅक्शन सगळ्या पॉडकास्टवर ‘तळातली’ म्हणून सांगतात. बदलू का?

नको रे. तू रंगवलीस ना ती? मग खेळ. पॉडकास्टवाल्यांची वर-तळ यादी वरच्या टेबलांवरच्या खेळाडूंसाठी असते. तुझ्या आणि तुझ्या मित्राच्या सामन्यात फॅक्शनपेक्षा मिशन कोणी नीट वाचलं यानेच जास्त फरक पडतो. आणि काही खेळांत दुबळे संघ मुद्दाम ठेवलेले असतात. ब्लड बोल या फुटबॉलच्या धर्तीवरच्या खेळातले हाफलिंग (बुटके) जिंकण्यासाठी नाहीतच, तरी लोक तेच हौसेने घेऊन उतरतात. शिवाय पुढच्या डेटास्लेटपर्यंत यादी उलटीपालटीही होईल.

एक कंपनी आम्हाला नवीन पुस्तकं प्रकाशनाआधी फुकट पाठवते. टीका केली तर पुढचं पुस्तक येणार नाही, अशी धास्ती वाटते.

पुस्तक फुकट आलं आहे हे पहिल्या मिनिटात सांगा, शेवटी पुटपुटू नका. आणि न खेळलेल्या पुस्तकावर ‘सर्वांत बलवान’, ‘अगदीच पुचाट’ असे शेरे मारू नका. आधी हाती आलेल्या पुस्तकावर सामने झालेलेच नसतात. वाचून जेवढं कळतं तेवढंच बोला. महिन्याभराने, खेळून झाल्यावर, दुसरा एपिसोड करा आणि टीका तिथे घाला. पुढचं पुस्तक आलं नाही तर विकत घ्या. विकत घेणारे ऐकतात तुम्हाला, त्यांच्या रांगेत उभं राहिल्याने बिघडत नाही.

रेकॉर्डिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी बॅलन्स अपडेट आला. एपिसोड फेकून द्यायचा?

नाही. सुरुवातीला वीस सेकंद जोडा: ‘हे अमुक तारखेचं आहे, यानंतर तमुक बदललं.’ ‘कोणतं युनिट घ्यावं’ हा भाग कापा. ‘हा सामना का फिरला’ तो ठेवा. तो पुढच्या आवृत्तीतही शिळा होत नाही.

आम्ही खेळता खेळता रेकॉर्ड करतो. फासे पडले की ऐकणाऱ्यांच्या कानठळ्या बसतात.

टेबलावर माइक ठेवलाय, हो ना? काढा तो. कॉलरला लावायचे छोटे माइक घ्या, दोघांचे ट्रॅक वेगळे ठेवा, आणि फासे फेल्ट लावलेल्या ट्रेमध्ये टाका. ट्रे टेबलावर नको, शेजारच्या स्टुलावर. आणि फासे पडल्यावर नुसतं ‘अरेरे’ म्हणू नका. किती पडले ते मोठ्याने सांगा.