तुझ्या कादंबरीतल्या मंत्राबद्दल

प्रिय लेकरा,

सप्रेम सलाम.

प्रकरणं वाचली. अंधारीचं, म्हणजे त्या काळोख्या वाटेचं, प्रकरण झकास जमलंय. देवगिरी किल्ल्यातल्या त्या वळणावळणाच्या बोगद्यात वटवाघळांच्या उग्र वासानं नाक दाबत माणूस जसा भिंत चाचपत जातो, तसाच तुझा पोरगा चालतो. पण नंतरचे बर्फाचे डोंगर काढून टाक. आपल्या वाचकाला चमत्कार म्हणून मे महिन्यात दुथडी वाहणारी दुधना पुरे.

आता खरी अडचण. अंधारीच्या तोंडाशी तुझा नायक मंत्र पुटपुटतो आणि दार उघडतं. एखाद्याला गंमत वाटेल. पण तुझा वाचक ख्रिस्ती मंडळीतला आहे. कुणाच्या आजीनं अंगारा, गंडेदोरे, देवऋषी सगळं सोडून बाप्तिस्मा घेतलेला असतो. करणीच्या संशयावरून गाव एखाद्या बाईच्या जिवावर कसं उठतं, हे त्या घरात ठाऊक असतं. त्यांना मंत्र ही सजावट वाटत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात जादूटोण्याला मनाई आहे, हे तुला पहिल्याच चहाला ऐकवतील.

म्हणून अद्भुतच गाळू नकोस. बायबलात बलामाची गाढवी बोलते. यहेज्केल संदेष्ट्यापुढं सुकी हाडं खडखडत एकमेकांना जुळतात. योथामाच्या गोष्टीत झाडं राजा शोधत फिरतात आणि शेवटी गादी काटेरी झुडपाच्या गळ्यात पडते! शास्त्राला अद्भुताचं वावडं नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 8वा अध्याय काढ. शोमरोनातला शिमोन जादूगार प्रेषितांपुढं पैसे ठेवून आत्म्याचं सामर्थ्य मागतो, आणि पेत्र त्याला झाडतो, की देवाचं दान पैशानं मिळत नाही. तुझ्या कादंबरीतल्या राज्याचा कायदा हाच कर. मंत्र खलनायकाला दे; ठरावीक शब्द म्हटले की सामर्थ्य मुठीत येतं, असं त्याला वाटू दे. नायकाला सगळे उपाय हरल्यावर, हाका मारून थकल्यावर दार उघडलेलं दिसू दे. पुढच्या खेपेला तसंच होईल याची त्याला खात्री नको. कथेतली धास्तीही त्यानं टिकेल. मंत्र आला की ती संपते.

राजपुत्राच्या तोंडचं दोन पानी प्रवचन तर कापच. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला, श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगताना मध्येच ‘राजा, हे तुझंच’ म्हटलं असतं, तर दावीद त्या श्रीमंतावर इतका भडकला असता का? रविवारी पाळकसाहेब आहेतच.

भाषेचं एकच. फादर थॉमस स्टीफन्स हे मिशनरी इंग्रज, तरी 1616 साली छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे. आणि तू जालन्याच्या पोराच्या तोंडी ‘हे प्रभो, मी कृतार्थ झालो’ घालतोस! घाबरला की तो ‘काय करायलास रे’ असंच ओरडेल. तसंच लिही.

आधी फक्त अंधारीचं प्रकरण नव्यानं लिहून पाठव. बाकीचं सध्या राहू दे.

तुझा,
काका