मुलीला घाबरवायला कॅज्युअल्टीत नेलंत, ती वेळा लिहून आली

पत्र थोडक्यात असं: "मी डोंबिवलीला राहतो, नोकरी फोर्टात. मुलगी नीटसाठी दुसऱ्यांदा बसते आहे. गेल्या वर्षी 418 गुण होते, आता सराव परीक्षेत पाचशेच्या आसपास असतात. तिच्या डोक्यात एएफएमसी, म्हणजे पुण्याचं लष्करी वैद्यकीय कॉलेज, शिरलंय. ट्रॉमा सर्जन (गंभीर जखमींवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर) व्हायचं, युद्धातल्या जखमींवर संशोधन करायचं म्हणते. मुलीच्या जातीला हे रक्ताचं काम झेपणार आहे का? वेड उतरावं म्हणून ओळखीनं एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत तिला शनिवारची अख्खी रात्र उभी केली. घाबरण्याऐवजी ती वही भरून आली. वहीत काय, तर वेळा! 11.40 ला पेशंट आणला, 11.52 ला सलाइन, 12.05 ला रक्ताचा नमुना, 12.50 ला रक्ताची पहिली पिशवी. आता विचारते, रक्त आधी का नाही दिलं? स्किन किंवा रेडिओलॉजी घेणार असेल तर दुसरा ड्रॉपही (नुसत्या तयारीचं आणखी एक वर्ष) देऊ, नाहीतर गावची जमीन विकून खासगी कॉलेज बघू. तुम्ही तिला समजवा."

नमस्कार.

मी तिला समजावणार नाही. काही गोष्टी तुम्हालाच सांगायच्या आहेत आणि त्यातली पहिली जरा कडू आहे. कॅज्युअल्टी ही मुलांना धाक दाखवायची जागा नाही. तिथं त्या रात्री जो माणूस स्ट्रेचरवर होता, त्याची किंवा त्याच्या नातेवाइकांची परवानगी कुणी घेतली होती का? ओळखीनं आत जाता येतं म्हणून जावं असं नसतं. वहीत कुणाचं नाव, वय, पत्ता लिहिला असेल तर आजच खोडायला सांगा. पुढं तिला हेच काम करायचं असेल, तर रुग्णाची संमती आणि त्याची ओळख जपणं हा त्यातला पहिला धडा असतो.

आता तुमच्या हेतूबद्दल. मूल एखाद्या गोष्टीकडे ओढलं जातंय हे दिसल्यावर ते का ओढलं जातंय, हे विचारायच्या आधी तुम्ही त्याला भीती घातलीत. हे प्रेमापोटी केलंत, ते पत्रात दिसतं. पण एमबीबीएसची जागा अजून मिळायची आहे आणि तुम्ही पीजीची शाखाही ठरवून मोकळे झालात. तीही स्किन, कारण तिथं रात्रीची ड्युटी कमी आणि स्थळं चांगली. हे शेवटचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण या खुर्चीत बसून इतकी पत्रं वाचल्यावर न लिहिलेलंही वाचता येतं. दुसऱ्या ड्रॉपला तुम्ही अट घातलीत, म्हणजे वर्ष तिचं आणि अट तुमची. असल्या वर्षात मुलं अभ्यास करत नाहीत, दिवस काढतात.

"मुलीच्या जातीला" हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्या शनिवारी रात्रभर ज्या सिस्टर सुई लावत होत्या, रक्तदाब बघत होत्या, नातेवाइकांना आवरत होत्या, त्या कोण होत्या? लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर एएफएमसीत शिकल्या, तिथंच डीन झाल्या आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या महासंचालक म्हणून 2024 मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन आल्या, त्याही एएफएमसीच्याच. या मुद्द्यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

परीक्षांचं तुम्हाला ठाऊक आहेच. एएफएमसीला नीटचे गुण, त्यावर वेगळी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि पुढं सेवेचा बॉन्ड. मुलींच्या जागा मोजक्या, कट-ऑफ चढा. पाचशेवर तिथून बोलावणं येईल अशी आशा मी दाखवणार नाही.

पण तुमच्या घरात एक गैरसमज आहे आणि तो तुमच्याइतकाच तिचाही आहे. युद्धातल्या जखमांवरचं संशोधन लष्करातच होतं आणि तिथं जायचं एकच दार, एएफएमसी. दोन्ही चुकीचं. दाराचं आधी सांगते. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, लष्कराच्या वैद्यकीय सेवेत जाता येतं, पीजी करूनही जाता येतं. आणि संशोधन म्हणाल, तर ते छावणी आणि शहर यांच्यात सारखं ये-जा करत आलंय. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध घ्या. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं ते शोधलं, 1962 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. उताकोबाईंच्या डोळ्यांसमोर सैनिक नव्हते, बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बाया होत्या. अपघातातल्या जखमींना ते लागू पडतं का, याची मोठी चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली: 40 देश, 274 रुग्णालयं, 20,211 रुग्ण. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 14.5 वर आलं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण औषध अगदी स्वस्त आहे आणि जखमी जगभर आहेत. मग 2012 मध्ये अफगाणिस्तानातल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयातल्या नोंदी आल्या आणि त्यांनीही तीच दिशा दाखवली. म्हणजे इथं साध्या नागरी रुग्णालयांनी आधी वाट दाखवली आणि युद्धभूमी मागून आली. आणि त्या मोठ्या चाचणीतली कळीची गोष्ट कोणती? औषध पहिल्या तीन तासांत द्यायला हवं. त्यानंतर दिलं तर फायदा नाहीच, उलट अपाय व्हायची शक्यता. सगळा खेळ घड्याळाचा.

म्हणूनच तुम्ही ज्या वहीला हसलात, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

"रक्त आधी का नाही" हा पोरकट प्रश्न नाही. जखमीला आधी भराभर सलाइन लावावं, ही कित्येक दशकांची रीत होती. ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासात छातीपोटात गोळी किंवा सुरा लागलेल्या 598 रुग्णांना दोन प्रकारे वागवलं गेलं. काहींना लगेच सलाइन, काहींना ऑपरेशन टेबलवर पोचेपर्यंत थांबून. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा थांबलेले जास्त वाचले होते, 70 टक्के विरुद्ध 62. रक्त वाहत असताना नुसतं पाणी ओतलं की रक्तदाब वाढतो, धरलेली गुठळी सुटते आणि उरलेलं रक्त पातळ होऊन गोठेनासं होतं. मग जे जातंय तेच द्यावं, हा विचार पुढं आला: लाल पेशी, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग, आणि गुठळी धरायला लागणाऱ्या प्लेटलेट्स, तिन्ही बरोबरीनं.

याला जोर आला तो इराकमधून. तिथल्या एका अमेरिकन लष्करी रुग्णालयातल्या 246 जखमींच्या नोंदी 2007 मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्यांना लाल पेशींच्या मानानं प्लाझ्मा अगदी कमी मिळाला, त्यांच्यातले 65 टक्के दगावले. ज्यांना भरपूर मिळाला, त्यांच्यातले 19. आकडा बघून कुणीही म्हणेल, प्रश्न सुटला. पण प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळवायला वेळ लागतो. जो माणूस तो यायच्या आत गेला, तो आपोआप "कमी प्लाझ्मा"च्या रकान्यात जाऊन बसतो. तो प्लाझ्मा न मिळाल्यानं गेला, की आधीच गेल्यामुळं त्याला प्लाझ्मा मिळाला नाही? हे नुसत्या पिशव्या मोजून कळत नाही. कोणती पिशवी किती वाजता लागली, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून अमेरिकेतल्या 12 ट्रॉमा केंद्रांत 680 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. 2015 चा तिचा निकाल इतका झगमगीत नव्हता. तिन्ही बरोबरीनं मिळालेल्यांत पहिल्या दिवसात रक्त जाऊन मरणारे कमी होते, पण महिन्याअखेरच्या एकूण मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही.

नवीन ते सगळं चांगलंच, असंही नाही. मांडीतल्या धमनीतून फुगा सरकवून महाधमनी आतून दाबायची युक्ती मध्यंतरी गाजली. ब्रिटनमधल्या चाचणीत फुगा वापरलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, चाचणी मध्येच थांबवावी लागली. निकाल 2023 मध्ये आला.

आता त्या वहीकडे पुन्हा बघा. चार वेळा आणि एक प्रश्न. एका रुग्णावरून काहीच सिद्ध होत नाही, हे तिलाही सांगा. त्या सत्तर मिनिटांत नमुना रक्तपेढीत गेला असेल, गट जुळवला असेल, एकच रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तीन जखमींमध्ये धावत असेल. त्या रात्रीच्या डॉक्टरांना दोष द्यायला तिला शिकवू नका. पण लोकलच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात त्या शहरात असल्या वह्या फार कमी आहेत. 2013 पासून केईएम आणि सायनसह देशातल्या चार सार्वजनिक रुग्णालयांत एका प्रकल्पानं सुमारे 16,000 जखमींच्या नोंदी जमवल्या. त्यासाठी खास प्रशिक्षित माणसं नेमली होती. त्या नोंदींवरून मग कितीतरी शोधनिबंध निघाले.

त्यामुळं माझा सल्ला तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटांचा नाही. यंदाचा प्रयत्न तिला अटीशिवाय करू द्या. राज्यातली सरकारी जागा मिळाली तर उत्तम. साडेचार वर्षं, इंटर्नशिप, मग सर्जरीत एमएस. त्यापुढं ट्रॉमा सर्जरीत एमसीएच, म्हणजे एमएसनंतरची पदवी, करायची सोय दिल्लीच्या एम्समध्ये आहे. रस्ता लांब आहे, तिशी ओलांडेल, हे तिला आत्ताच कळू द्या. नाही मिळाली, तर दुसरा ड्रॉप मुळीच नको, स्किनच्या अटीवरही नको आणि बिनअटही नको. तिला लष्करच हवं असेल तर मिलिटरी नर्सिंगचं बीएस्सी आहे. त्यालाही नीटचे गुण लागतात, आणि ते कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातही होतं. नर्सिंग म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. तो जरा बाजूला ठेवा. संशोधन जास्त खुणावत असेल तर संख्याशास्त्रात बीएस्सी करून पुढं देवनारला जावं. तिथं आयआयपीएस या लोकसंख्या विज्ञानाच्या संस्थेत जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र आहे, टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य. वीस हजार रुग्णांच्या चाचणीचं गणित सर्जन एकटा करत नाही. प्लाझ्माच्या त्या रकान्यातली फट असल्याच माणसांना दिसते. खरं सांगायचं तर, पत्रावरून मला ती टाके घालणाऱ्यापेक्षा या कामाची जास्त वाटली. पण हे तुमच्या पत्रावरून. तिचं तिनं लिहिलं तर माझं मत बदलेलही.

आणि ती जमीन. खासगी कॉलेजाची फी भरायला ती विकलीत, तर पुढची दहा वर्षं प्रत्येक परीक्षेला ती जमीन मुलीच्या शेजारी येऊन बसेल. विकू नका. यंदाच्या फॉर्मची तारीख गेली नसेल तर बीएस्सीचे अर्ज नीटच्या निकालाची वाट न बघता भरून ठेवा, फी परवडण्यासारखी असते. निकालाची वाट बघत बसल्यानं मुंबई विद्यापीठाच्या नावनोंदणीत दरवर्षी मुलांची पंचाईत होते.