दोन फुटी टँकमध्ये घरी छोटा रीफ लावायचाय, प्लांटेड टँकची एलईडी चालेल का? नवीन घेतली तर किती वॅटची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गोड्या पाण्याचा प्लांटेड (पाणवनस्पतींचा) टँक बरीच वर्षं छान चाललाय, आता २ बाय दीड बाय दीड फुटाचा एक टँक रिकामा पडलाय, त्यात खारं पाणी भरून रीफ करायचाय म्हणजे कोरल (प्रवाळ) लावायचीत, दुकानदार म्हणतो १६५ वॅटची लाइट घ्या नाहीतर काही जगणार नाही, आणि तुम्हाला वाटतंय आहे तीच एलईडी वापरावी. माझं मत सांगतो, प्लांटेडची लाइट नको आणि १६५ वॅट पण नको, आणि खरं म्हणजे लाइट आत्ता घेऊच नका. आधी कुठली कोरल ठेवणार ते ठरवा, कारण लाइट त्यावर ठरते, टँकच्या साइजवर नुसती ठरत नाही.

आता हे का ते. कोरलच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच उजेडावर अन्न बनवतं आणि कोरलला पोसतं, म्हणजे आपण लाइट लावतो ती त्या शेवाळासाठी. आणि ते शेवाळ समुद्राच्या उजेडाला सरावलेलं असतं. समुद्रात लाल रंग पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच जवळपास संपतो, निळा सगळ्यात खोल जातो. आपल्याकडचंच बघा ना, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, तिचा सगळ्यात उथळ भाग पण पाण्याखाली वीसेक मीटर आहे आणि तिथे मस्त कोरल आहेत, तिथे पोचतो तो सगळा निळसर उजेडच. म्हणून रीफच्या लाइटमध्ये ४२० ते ४६० नॅनोमीटरचे निळे-जांभळे एलईडी जास्त आणि पांढरे कमी असतात. तुमच्या प्लांटेडच्या लाइटमध्ये ६५०० केल्विनचा पांढरा आणि वर झाडांसाठी लाल, म्हणजे नेमकं उलटं. एखादं मशरूम (हे एक चपटं, मऊ कोरल) त्याखाली जगेल पण रंग उठणार नाही, आणि नवीन टँकमध्ये काचेवर हिरवं-तपकिरी मात्र जोरात वाढेल.

वॅटचं म्हणाल तर वॅट म्हणजे लाइट वीज किती खाते ते, कोरलपर्यंत उजेड किती पोचतो ते नाही. त्यातून ते १६५ पण खरं नसतं, आत ५५ एलईडी असतात, प्रत्येकी ३ वॅट, गुणाकार करून खोक्यावर छापतात, प्रत्यक्षात मीटर लावून बघितलं तर बरेच कमी ओढतात. खरा आकडा पार (PAR), म्हणजे अन्न बनवायला उपयोगी पडणारा उजेड त्या जागी किती पोचतो तो, तुम्ही प्लांटेडवाले आहात म्हणजे ऐकला असेलच. मशरूमला ३० ते ८० पार पुरतो, झोआ आणि लेदरसारख्या सॉफ्ट म्हणजे कडक सांगाडा नसलेल्या कोरलना ५० ते १००, मोठ्या मांसल तोंडाच्या कडक कोरलना म्हणजे एलपीएसना साधारण ७५ ते १५०, आणि ती फांद्याफांद्यांची अ‍ॅक्रोपोरा वगैरे एसपीएस असतात त्यांना २०० ते ३५०. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर दोन हजाराच्या आसपास पार असतो पण म्हणून आपण तेवढा द्यायचा नसतो, तिथे पाणी हलतं, ढग येतात, भरती येते, आपल्या टँकमध्ये तो एकाच जागी तासन् तास भाजत राहतो.

सुरुवात करताय तर सॉफ्ट कोरलनीच करा. त्याला दोन कारणं आहेत, एक सोपं जातं हे आणि दुसरं कायद्याचं, ते दुकानदार सांगत नाहीत म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कडक कोरल, सी फॅन, काळं कोरल, समुद्री घोडे वगैरे आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. मालवण, कच्छ, मन्नार, लक्षद्वीप, अंदमान कुठूनही काढलेलं कडक कोरल घरात ठेवणं गुन्हा आहे, जिवंत असो की वाळलेलं. 'लोकल लाइव्ह रॉक आलाय, स्वस्तात देतो' असं कोणी म्हणालं तर तो दगड म्हणजे बहुतेक कुठल्यातरी रीफचा तोडलेला तुकडाच असतो, हात लावू नका. परदेशातून आलेली कडक कोरल साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यांची कागदपत्रं लागतात आणि २०२४ च्या नियमांनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी पण. झोआ, मशरूम, लेदर, झेनिया यांना ही भानगड नाही. पण बिल घ्याच. दगडासाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले रीफ रॉक मिळतात, सुरुवातीला पांढरेफट्ट आणि खोटे दिसतात, वर्षभरात त्यांच्यावर जांभळं कोरलाइन शेवाळ चढतं मग कळत पण नाही.

तर सॉफ्ट कोरल आणि फार तर पुढे कागदपत्रांसकट दोन-चार एलपीएस एवढंच धरलं तर तुमच्या दीड फूट उंचीच्या टँकला खरे ५०-६० वॅटची रीफ एलईडी भरपूर झाली. घेताना तीन गोष्टी बघा, निळा आणि पांढरा चॅनल वेगवेगळा कमी-जास्त करता यायला हवा, टायमर हवा, आणि लेन्स ९० ते १२० डिग्रीची हवी, ६० ची घेतली तर मधोमध भट्टी आणि कोपऱ्यात अंधार. पाण्यापासून २०-२५ सेंटीमीटर वर टांगा. खाली ठेवली की मिठाचे तुषार उडून हीटसिंकवर पांढरा थर धरतो, फॅनच्या पात्यांवर पण धरतो आणि मग तो फॅन घरघर करायला लागतो. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायचं, बंद करून अर्थात.

सोल्डरिंगची आवड असेल तर घरी पण बनते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ३ वॅटचे एलईडी, अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक, थर्मल पेस्ट, सगळं मिळतं. १२ एलईडी सिरीजमध्ये जोडले की ३६ ते ४० व्होल्ट होतात, ७०० मिलिअ‍ॅम्पचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारा पुरवठा) लावला की साधारण २६-२८ वॅटची एक लाइन तयार, अशा दोन लाइन तुम्हाला पुरतात. एक लाइन पूर्ण ४५० च्या रॉयल ब्लूची, दुसरीत निम्मे कूल व्हाइट, बाकी रॉयल ब्लू आणि दोन-तीन ४२० चे व्हायोलेट. पण ड्रायव्हर आयसोलेटेडच (ज्याचं आउटपुट मेन लाइनपासून वेगळं असतं तो) घ्या, खारं पाणी आणि उघडी वायर यात काटकसर नको. आणि लाइट घरची असो की विकतची, टँकच्या बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

आता खरी गोष्ट. महाराष्ट्रात रीफ मरतो तो लाइट कमी पडून नाही, उष्णतेने मरतो. २५-२६ डिग्री उत्तम, २८ पर्यंत चालून जातं, पण ठाण्या-मुंबईला मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पाणी ३१-३२ ला आरामात पोचतं, आणि तसं काही दिवस राहिलं की कोरल ते आतलं शेवाळच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. गरम पाण्यात तीच लाइट कोरलला जास्त सोसवत नाही हे लक्षात ठेवा, मी तर एप्रिल-मेमध्ये लाइट मुद्दाम १५-२० टक्के खाली आणतो. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे लावले की पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, पुण्यात कोरड्या हवेत छान चालतं, मुंबईत जून-जुलैमध्ये हवेतच एवढा दमटपणा असतो की बाष्पीभवन होत नाही आणि पंखे नुसते फिरतात. तेव्हा लाइटवर वाचलेले पैसे चिलरसाठी (पाणी थंड करायच्या यंत्रासाठी) ठेवा, छोटा १/१० एचपीचा पुरतो. विजेच्या बिलात पण लाइट काहीच नाही, ६० वॅट रोज ९ तास म्हणजे महिन्याला १६ युनिट, चावतो तो चिलर.

पंखे लावले की पाणी उडतं, दिवसाला दोन-तीन लिटर पण. मीठ उडत नाही, म्हणून वरून फक्त गोडं पाणी टाकायचं. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर रेझिनमधून गाळून उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य. घरातल्या प्यायच्या आरओचं पाणी २०-५० टीडीएसचं असतं, त्यापुढे एक डीआय रेझिनचा डबा जोडला की झालं. एसीचं पाणी फुकट मिळतं म्हणून बरेच जण वापरतात, ते तांब्याच्या कॉइलवरून येतं आणि तांबं म्हणजे कोरल, झिंगे, गोगलगायी सगळ्यांना विष, त्यामुळे नको. चौपाटीवरून कॅनमध्ये पाणी आणायचं पण डोक्यातून काढा, त्यात सांडपाणी किती असतं ते आपल्याला माहीतच आहे. सॉल्ट मिक्स लिटरला साधारण ३५ ग्रॅम, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, दगड-वाळू धरून तुमच्या टँकमध्ये शंभर लिटरच्या आसपास पाणी बसेल म्हणजे पहिल्या भरणीला साडेतीन किलो.

क्रम असा ठेवा की दगड, वाळू, खारं पाणी, तासाला अडीच-तीन हजार लिटर फेकणारा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), मग थोडा अमोनिया घालून सायकलिंग, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढू देणं, चार ते सहा आठवडे. या काळात लाइट बंद. पूर्ण बंद. रिकामा टँक निळ्या उजेडात बघायचा मोह होतो, माहितीये, पण तेव्हा लावलेली लाइट फक्त शेवाळ पोसते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मासे, दोन क्लाउनफिश पुरे, हॅचरीत वाढवलेले मागा, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन केव्हाच बसवलंय त्यामुळे देशात तयार झालेले मिळतात आणि ते जास्त काटक पण असतात. निळे डॅमसेल स्वस्त असतात म्हणून गळ्यात मारतात, ते नंतर दुसऱ्या कोणाला टिकू देत नाहीत. मासे आल्यावर दिवसाला चार-पाच तास लाइट, तपकिरी थर येईल, घाबरू नका, टर्बो गोगलगायी सोडा, तो जातो.

पहिलं कोरल आलं की लाइट ३० टक्क्यांवर आणि कोरल तळाशी वाळूवर. मग आठवड्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, निळा ७० च्या वर न्यायची तर बहुतेक वेळ येतच नाही. पांढरा चॅनल १५-२० वर पुरतो. रोज ८-९ तास, त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा एक तास हळूहळू चढणारा-उतरणारा. पार मीटर महाग असतो, क्लबमध्ये कोणाचा मिळाला तर एक दिवस आणा, मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपच्या नादी लागू नका, लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने म्हणजे हिरव्यावर बेतलेला असतो, निळा उजेड त्याला दिसतच नाही नीट.

मीटर नसेल तर कोरलकडेच बघा, ते बोलतं. झोआ एकदम बुटक्या दांड्यावर चटईसारखा पसरलेला असेल तर ठीक, मान लांबवून एकेक पॉलिप (फुलासारखं तोंड) वर वर जायला लागला की त्याला उजेड कमी पडतोय. मशरूमचं उलटं, जास्त झालं की कडा आत वळवून कपासारखं होतं, लहान होतं, रंग फिका पडतो, आणि कधी कधी दगड सोडून स्वतःच सावलीत वाहत जातं. तपकिरी पडलं तर उजेड कमी, पांढरट पडलं तर जास्त, असं ढोबळमानाने धरा. आणि बदल केला की आठ-दहा दिवस थांबा, रोज टक्के हलवत बसलात तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

झेनिया देईल कोणीतरी फुकट, दिसायला फार सुंदर, पण गाजरगवतासारखं पसरतं, तेव्हा मुख्य दगडापासून लांब वेगळ्या दगडावर ठेवा. झोआला हात लावताना ग्लोव्हज घाला, त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि झोआ असलेला दगड उकळायचा किंवा ब्रशने घासायचा तर अजिबात नाही, वाफ-तुषार नाकात गेले तर हॉस्पिटल गाठावं लागतं. माशांना रोग झाला तर तांब्याचं औषध या टँकमध्ये नाही, वेगळ्या बादलीत.

तुम्ही कुठल्या शहरात आहात, टँकच्या खोलीत दुपारी तापमान किती जातं आणि काच ८ मिलिमीटरची आहे का ते खाली लिहा, स्टँडवर सगळं मिळून दीडशे किलोच्या वर वजन येणार आहे. चिलर लागेल की पंख्यांवर भागेल ते त्यावरून सांगता येईल, लाइटचं मॉडेल त्यानंतर बघू.