हवा वाढली, टॉर्क का घटला?

प्रश्न : प्रायोगिक इंजिनाच्या सिलिंडर हेडचे इनटेक पोर्ट (हवा आत येण्याचे मार्ग) मोठे केले. फ्लो बेंचवर (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर) हवा जास्त जाते, पण डायनोवर (इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) कमी आरपीएमचा (मिनिटाला कमी फेऱ्यांवरचा) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घटला. कारण काय?

उत्तर : पोर्ट रुंद झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो. बेंचवर नुसता पूर्ण लिफ्टचा (व्हॉल्व्ह पूर्ण उचललेला असतानाचा) आकडा पाहू नका, तो मिरवायलाच बरा. दाबफरक २८ इंच पाणी असा कायम ठेवून दर १ मिमी लिफ्टला मोजा.

त्याआधी व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे टायमिंग तपासा. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला, तर वर येणारा पिस्टन मिश्रण परत पोर्टमध्ये ढकलतो. टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) नजरेने ठरवू नका. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर पोहोचण्याआधी अडवणारा खिळा) लावून क्रँक हाताने दोन्ही दिशांना, पिस्टन अडेपर्यंत फिरवा. डिग्री व्हीलवरच्या (क्रँकला लावलेल्या अंशांच्या चकतीवरच्या) त्या दोन खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या ४ अंशांनी पुढे घेऊन पाहा, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर मिटेल. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅम गिअरवर ते २ अंशच भरतात; हमखास गफलत इथेच होते.

कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ सरकतो. पिस्टनवर प्लास्टिसिन (खेळण्याची मऊ माती) लावा, वापरलेल्या गॅस्केटसह हेड बसवून आवळा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढून दबलेला थर कापून मोजा : इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी नको.